चौदा नंबरचा ब्रेकर

या पानावर नेहमी येणारे लोक मला ओळखत असतील. कुणी अनुभव लिहिला की खाली येऊन "घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का?" किंवा "त्या दिवशी ताप वगैरे होता का?" असं, म्हणजे हा भास तर नव्हे ना, हे विचारणारा तो आगाऊ माणूस म्हणजे मी. एका ताईंनी तर वैतागून "दादा, तुम्ही दुसरीकडे वाचत जा" असंही लिहिलं होतं. माझं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नव्हतं. भूत, आत्मा, संकेत, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही... पण मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी जे झालं ते मी स्वतः पाहिलंय. आता तुम्ही मला हवे ते प्रश्न विचारा, तुमचा हक्कच आहे.

मी संदीप. मूळचा नागपूरचा, मग काही वर्षं पुण्यात नोकरी, आणि आता बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला. मिनीआपोलिसच्या नैऋत्येला आहे हे गाव. तळी, झाडं, ऑफिसं आणि भरपूर देशी मंडळी. घरी मी, बायको केतकी आणि तेरा वर्षांची मुलगी मिहिका.

त्या हिवाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही घर घेतलं. पन्नासेक वर्षं जुनं, स्प्लिट लेव्हल. म्हणजे पुढच्या दारातून आत आलं की अर्धा जिना वर जातो, अर्धा खाली. वर किचन, हॉल, आमच्या बेडरूम. खाली एक गेस्ट रूम, बाथरूम, लाँड्री, आणि शेवटी एक जड दार. त्या दाराच्या पलीकडे गॅरेज. गॅरेजच्या भिंतीवर विजेचं पॅनेल, करड्या रंगाची लोखंडी पेटी, तिला झाकण, आत ब्रेकरच्या, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या, दोन रांगा. प्रत्येक ब्रेकरसमोर आधीच्या कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं. चौदा नंबरसमोर "गेस्ट रूम". आम्हाला घर विकणारं तरुण जोडपं टेक्ससला गेलं, दोघंही ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक पहिलं तेच विचारणार.

घराबरोबर एक वर्षाची होम वॉरंटी मिळाली होती. घरातलं वायरिंग, हीटिंग, फ्रिज असं काही बिघडलं की कंपनीला कळवायचं, ते त्यांचा माणूस पाठवतात. निदान कागदावर तरी तसं होतं.

ऑगस्टमध्ये नागपूरला माझे बाबा गेले. मी जाऊन आलो, सगळं केलं, आणि नोव्हेंबरमध्ये आईला सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. आई अडुसष्ट वर्षांची. शाळेत गणित शिकवायची, चार लोकांत बसली की तिचाच आवाज वर. ती आई बाबांबरोबरच कुठेतरी राहून गेली होती. इकडे आली ती नुसती सावली. खालच्या खोलीत पलंगावर बसून असायची, पडदे ओढलेले. पहाटे पाचला उठायची, खोली गार म्हणून विजेवरचा ऑइल हीटर लावायची आणि बसायची. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खाऊन परत खाली. मिहिका शाळेतून आली की खाली डोकवायची — "आजी, कम अप ना!" आई नुसती मान हलवायची. आम्ही कौन्सेलरचं सुचवून पाहिलं, देवळात नेऊन पाहिलं. केतकी एकदा म्हणाली, "संदीप, आई इथे राहायला आल्या नाहीयेत रे. त्या वाट बघत बसल्यात." कशाची, ते तिने म्हटलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेकर पडायला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी मी घरून काम करत होतो. अकराच्या सुमारास आई जिन्यात येऊन उभी राहिली. "लाईन गेली रे." विदर्भात लाईट जात नाही, लाईन जाते. मी गॅरेजमध्ये गेलो, पॅनेल उघडलं, चौदा नंबर बंद. चालू केला, विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी परत, अकराच्या आसपास. तिसऱ्या दिवशी परत. दुसरा एकही ब्रेकर नाही, फक्त चौदा. मी हीटर बदलला. दुसऱ्या प्लगला लावला. खोलीत हीटर आणि एका दिव्याशिवाय काही चालू नसायचं. तरी रोज अकरा वाजता अंधार.

मी आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो, केतकी रोज जाते, मिहिका शाळेत. मी घरी नसलो त्या दिवशी लाईन गेली की ती चालू करायला घरात दुसरं कुणी नाही. खोली तासाभरात अशी गार पडायची की आईला वर येऊन बसावंच लागायचं. वरच्या किचनला मोठी खिडकी आहे, बाहेर बर्फ असला की आत इतका उजेड येतो की डोळे मिटावे लागतात. आई तिथे टेबलापाशी बसायची. चार वाजता केतकी येऊन ब्रेकर लावायची, मग आई खाली.

एके दिवशी मी ऑफिसातून आलो तर घरभर फोडणीचा वास. आईने गोळाभात केला होता, भातात वाफवलेले डाळीचे गोळे. वरून हिंग-मोहरीचं गरम तेल. बाबा गेल्यापासून तिने पहिल्यांदा गॅसला हात लावला होता. मिहिका तीनदा वाढून घेऊन "धिस इज सो गुड, आजी" म्हणत होती. आई म्हणाली, "बसून बसून काय करू इथं? डाळ दिसली समोर." एवढंच. मी त्या वेळी ब्रेकरशी याचा काही संबंध जोडला नव्हता. मी वॉरंटीवाल्यांवर चिडलेला होतो.

कारण कंपनीने पाठवलेला पहिला माणूस दहा मिनिटांत निघून गेला होता. मीटर लावला, प्लग तपासले, "सगळं ठीक आहे" म्हणाला. रिपोर्टमध्ये लिहिलं, "न्यूसन्स ट्रिपिंग". म्हणजे ब्रेकर उगाच पडतोय, दोष काही नाही. मी परत तक्रार टाकली. आता त्यांनी फोटो मागितले — ब्रेकर पडला की त्याला हात न लावता आधी फोटो काढा. मी आणि केतकीने चार दिवसांचे चार फोटो पाठवले.

उत्तर आलं ते वाचून माझं डोकंच फिरलं. "तुमची तक्रार नामंजूर. ट्रिप झालेल्या ब्रेकरची दांडी मध्ये अडकते. तुमच्या चारही फोटोंत ती पूर्ण 'ऑफ'कडे आहे. ब्रेकर हाताने बंद केलेला आहे."

मी फोटो मोठे करून पाहिले. खरंच की! चारही वेळा दांडी पार टोकाला. आपोआप पडलेला ब्रेकर असा दिसत नाही. मग कुणाचा तरी हात हवा. आणि अकरा वाजता घरात असायचं कोण? आई.

आता मला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी मी खाली जाऊन तिला विचारलं.

"आई, तू गॅरेजमध्ये जाऊन काही बंद करतेस का?"

"मी? मी काहून बंद करू?"

"नाही, म्हणजे वीज वाचवायला वगैरे... किंवा चुकून..."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात कुणी खोटा हिशेब दाखवला की पाहायची, तसं. "संदीप, ते गॅरेजचं दार माझ्याच्यानं ढकलल्या जात नाही. आली त्या दिवशी तूच उघडून दिलं होतं. त्यानंतर मी तिकडं गेलीच नाही." मग पडद्याकडे वळून म्हणाली, "तुला वाटून राहिलं, माझं डोकं फिरलं. असेल बाप्पा. मला तिकीट काढून दे. मी जाते माझ्या घरी."

मी सारवासारव केली, पण शब्द गेला होता. दोन दिवस ती रात्री जेवायलाही वर आली नाही. केतकी ताट खाली घेऊन जायची. ती मला म्हणाली, "तुझ्या वॉरंटी कंपनीचं ईमेल तुला आईपेक्षा जास्त खरं वाटलं?" रात्री मी खरंच तिकिटं बघत बसलो होतो. आईला परत पाठवलं तर तिकडे रिकाम्या घरात ती किती दिवस काढेल, हा विचार मनात आला की लॅपटॉप मिटायचो, आणि परत उघडायचो.

शनिवारी आम्ही तिला आग्रह करून बाहेर काढलं. आधी देऊळ, मग इंडियन ग्रोसरी. चौघंही गाडीत. हीटरला मी एक स्मार्ट प्लग लावून ठेवला होता, वीज गेली की फोनवर कळवणारा. निघताना मी स्वतः गॅरेजचं शटर बंद केलं. हीटर चालूच होता, आईने पहाटे लावलेला. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हायवेवर असताना फोन वाजला. केतकीने पाहिला. "गेस्ट रूम हीटर ऑफलाइन", ती म्हणाली. वेळ दहा बावन्न.

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर आई, मफलरमध्ये गुंडाळलेली, खिडकीबाहेर बघत होती. मिहिका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गाणी ऐकत होती.

"आई," मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिला आधी कळलं नाही. केतकीने सांगितलं की लाईन आत्ता गेली, घरात कुणी नसताना. आई म्हणाली, "बरं झालं. म्हणजे मी येडी नाही झाली." आणि हसली! किती दिवसांनी हसली ते मला आठवतही नव्हतं.

घरी आल्यावर पाहिलं तर गॅरेजचं शटर बंद. पॅनेलचं झाकण बंद. आत चौदा नंबरची दांडी पार टोकाला, ऑफ.

रविवारी सकाळी मी ठरवलं, बघूच. साडेदहाला जाड जॅकेट घालून गॅरेजमध्ये गेलो. बाहेर उणे वीस होतं, गॅरेजमध्येही श्वासाची वाफ दिसत होती. पॅनेलचं झाकण उघडलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. आईच्या खोलीत हीटर पहाटेपासून चालू होता. फोनचा व्हिडिओ लावावा म्हणून खिशात हात घातला, तर फोन वर चार्जिंगला. मी उठलो नाही. जायचं आणि नेमकं तेवढ्यात व्हायचं, म्हणून बसून राहिलो. आता तुम्ही म्हणाल व्हिडिओ कुठाय. नाहीये. मी इतरांना हाच प्रश्न विचारत आलोय, त्यामुळे तुमचा राग मी समजू शकतो.

अकराला दहा-एक मिनिटं असतील. ब्रेकर ट्रिप होतो तेव्हा खट्कन आवाज येतो, दांडी उडते. तसं झालं नाही. चौदा नंबरची दांडी हलली. सावकाश. आधी थोडी, मग थांबली, मग पूर्ण पलीकडे गेली. शेवटी अगदी हलकासा टक. मिहिका तान्ही असताना ती झोपली की केतकी खोलीतला दिवा बंद करायची, आवाज होऊ नये म्हणून बटण बोटाने धरून... अगदी तसं.

भीती वाटली का? नाही, खरंच नाही. उलट कुणीतरी शांतपणे "नको" म्हटल्यासारखं वाटलं. मी उठून दांडी परत ऑनकडे केली. हात तिच्यावरच होता. बोटाखाली ती पुन्हा परत फिरायला लागली. जोर नव्हता त्यात, मी धरून ठेवू शकलो असतो. पण मी सोडलं. ती गेली ऑफकडे.

मी पॅनेल बंद केलं, वर आलो आणि सांगितलं, "आजपासून ती खोली बंद. आई मिहिकाच्या खोलीत झोपेल."

केतकीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता आईच्या उशा उचलायला गेली. रात्री तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा असतील." मला हसूच आलं. माझे बाबा पोस्टात होते, आणि विजेला एवढे घाबरायचे की साधा बल्ब बदलायचा तर शेजारच्या काकांना हाक मारायचे. ब्रेकरला हात लावायची त्यांची हिंमत मेल्यावर कुठून येणार!

सोमवारी मी कंपनीला फोन लावला. एकापाठोपाठ एक तीन माणसांशी बोललो. मी पाहिलं ते अर्थातच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की घर रिकामं असताना ब्रेकर बंद झाला, प्लगची नोंद आहे, दुसरा इलेक्ट्रिशियन पाठवा, नाहीतर मी लेखी तक्रार वर नेतो. शेवटची बाई समजूतदार निघाली. तिने गुरुवारची वेळ दिली.

गुरुवारी आला तो डेल. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशा, बूट काढून मोज्यांवर घरात येणारा. त्याने आधीचा रिपोर्ट वाचला आणि नाक मुरडलं. "न्यूसन्स ट्रिपिंग... मला हा शब्द कधीच आवडला नाही," तो म्हणाला. "ब्रेकर कुणाला त्रास द्यायला पडत नाही. कारण सापडलं नाही की लोक हे लिहितात."

त्याने चौदा नंबरवर एकाच वेळी दोन मोठे हीटर लावले, जेवढं त्या ब्रेकरने कधीच सहन करू नये तेवढं. घड्याळ लावून उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ब्रेकर ढिम्म.

"काही मिनिटांत पडायला हवा होता," डेल म्हणाला. त्याने सगळं बंद केलं, मेन स्विच पाडला, ब्रेकर काढून हातात घेतला, स्क्रूड्रायव्हरने काहीतरी चाचपलं, कानाशी धरून हलवला. मग माझ्याकडे वळला.

"हा आतून जाम झालाय. किती वर्षांपासून ते देव जाणे. हा ट्रिप होऊच शकत नाही."

"पण तो रोज बंद होतो," मी म्हटलं.

"हाताने होत असेल. हाताने दांडी फिरते, बघ." त्याने फिरवून दाखवली. बऱ्यापैकी घट्ट होती, त्याला अंगठ्याने रेटावी लागली. "आपोआप नाही होणार. शक्यच नाही."

माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं माहीत नाही, पण तो पुढचं विचारायचा थांबला. म्हणाला, "ते जाऊ दे. ज्या वायरला राखणदारच नाही, ती वायर मला बघायचीय."

त्याने तिथे तात्पुरता चांगला ब्रेकर बसवला, खोलीतला हीटर चालू केला आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन भिंतीभिंतीने फिरू लागला. अर्धा-पाऊण तास काही नाही. तोवर आईने वर चहा केला होता. ती जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "त्या बिचाऱ्याले विचार नं, पोहे खातो का." मी विचारलं. डेल म्हणाला, पोहे म्हणजे काय ते माहीत नाही, पण वास चांगला येतोय, खाईन. आणि बशी हातात घेऊन, खात खात, तो पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपाशी थांबला.

कॅमेऱ्यात भिंतीवर एक पिवळा-पांढरा डाग दिसत होता. नेमका आईच्या उशीच्या मागे, हातभर वर.

डेलने बशी खाली ठेवली. हीटर बंद केला, वीज तोडली आणि भिंतीचा चौकोन कापून काढला. खोलीत जळका वास पसरला. आत दोन वायरींचा जोड होता. कुणीतरी कधीतरी जोडावर पेटीबिटी न लावता तसाच भिंतीत गाडलेला. जोड सैल झाला होता. भोवतीचं प्लॅस्टिक वितळून काळं पडलेलं. शेजारच्या लाकडी खांबाला बोटभर खोल कोळसा झालेला. त्याला लागून इन्सुलेशनचा कागद, तपकिरी, हात लावला तर चुरा होईल असा.

डेल पलंगाच्या कडेवर बसला. "इथे कोण झोपतं?"

मी वर बोट दाखवलं. वर आई मिहिकासाठी डब्यात पोहे काढून ठेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

तो म्हणाला, "असा सैल जोड हीटरसारखा लोड सलग पाच-सहा तास ओढला की तापत जातो. साध्या ब्रेकरला ते कळत नाही. चांगला असता तरी हा पडला नसता. आणि हा तर मेलेलाच होता." मग विचारलं, "हीटर सकाळी किती वाजता लावायची ती?"

"पाच."

"आणि बंद कधी व्हायचा?"

"अकराच्या आसपास. रोज."

डेलने त्या काळ्या खांबावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "हे बघ, मी चर्चला ख्रिसमसला जातो तेवढंच. चाळीस वर्षं हे काम करतोय. मला यातलं काही कळत नाही, आणि मी रिपोर्टमध्ये लिहिणारही नाही. पण ज्याने कुणी हे बंद केलं ना, त्याला नेमकं माहीत होतं कधी बंद करायचं."

कंपनीने आधी भिंतीतला जोड "जुना दोष" म्हणून टाळायला बघितलं. डेल घरासमोरच्या ड्राइव्ह-वेवर त्या थंडीत फोन कानाला लावून तासभर त्यांच्याशी भांडला. तेवढ्यात आई खाली येऊन ते काळं लाकूड बघून गेली. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी अंगठा वर करून आत आला. नवी वायर, नवा ब्रेकर — सैल जोडाची ठिणगी ओळखून पडणारा — सगळं वॉरंटीत झालं. भिंत तेवढी मी आणि मिहिकाने मिळून बुजवली, रंग दिला. डेल निघाला तेव्हा आईने त्याला पोह्यांचा डबा दिला. तिने मराठीत सांगितलं की लिंबू पिळून खा, त्याने इंग्रजीत सांगितलं की बायकोला दाखवतो, आणि दोघांनाही सगळं समजलं.

त्यानंतर चौदा नंबर एकदाही बंद झालेला नाही. हीटर दिवसभर लावून पाहिला, दोन लावून पाहिले. आता ओव्हरलोड झाला तर खट्कन पडतो, जसा पडायला हवा तसा, आणि दांडी मध्ये अडकते.

मी माझ्यापरीने सगळं तपासलंय. दांडी सैल असेल, कंपनाने सरकली असेल म्हणावं, तर डेलला ती अंगठ्याने रेटावी लागली होती. गारठ्याने धातू आक्रसला म्हणावं, तर शेजारचे तेवीस ब्रेकर जागचे हलले नाहीत. मला भास झाला म्हणावं, तर कंपनीकडे फोटो आहेत, प्लगची नोंद आहे, आणि हायवेवर आम्ही चौघं गाडीत होतो. माझ्या कुठल्याही उत्तरात हे सगळं एकत्र बसत नाही. इथे कुणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

आई मे महिन्यापर्यंत राहिली, ठरल्याप्रमाणे. खोली दुरुस्त झाली तरी दिवसा ती खाली गेली नाही. लायब्ररीत इंग्रजी बोलायला शिकवणारा एक गट असतो, तिथे केतकीने तिला नेलं. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या एका सोमाली आजीला ती मिहिकाच्या वहीतून गुणाकार समजावत होती, कारण त्या आजीला नातवाचा गृहपाठ घ्यायचा होता. शिकवताना तिचा आवाज पार बाहेरच्या काउंटरपर्यंत येत होता. मी कॉफी घेऊन तिथेच उभा राहिलो, आत गेलो नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मी तिला विचारलं, "आई, तुला काय वाटतं? कोण असेल?"

ती साडीची घडी घालत होती. "कोण का असेना," ती म्हणाली. "त्या दिवशी ते काळं लाकूड पाह्यलं नं, तेव्हा एवढंच कळलं, की मी जगावं असं कोणाला तरी वाटून राहिलं होतं." तिने साडी बॅगेत ठेवली आणि वरून हाताने दाबली. "मग म्हटलं, जगून पाहावं."